त्या यादीत बाप नाही

आमच्या मंडळीत कोणी बाप्तिस्मा मागायला आलं की पाळकसाहेब त्याला देवाबद्दल काही विचारत नाहीत. "घरी कोण कोण असतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग कमावतं कोण, शेती किती, लग्न झालंय की ठरतंय, घरात सांगितलंय का. मलाही हेच विचारलं. नवा करार वाचून, शंकांची वही भरून मी त्यांच्याकडे गेलो होतो आणि ते माझ्याकडून रेशनकार्डावरची नावं वदवून घेत होते. "किंमत तू एकटा देणार नाहीस," ते म्हणाले. "म्हणून आधी ही माणसं नावानं मोजू."

ख्रिस्ती झालास तेव्हा काय मिळालं, असं लोक मला विचारतात. टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेला माणूससुद्धा. पैसे किती दिले, असा त्याचा अर्थ असतो. त्यांना रागानं बोलावंसं वाटत नाही, पण खरं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून लिहून काढतो आहे.

मी मातंग. जालना जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. आजोबा पोतराज होते. वडिलांनी केस वाढवले नाहीत, आसूड हातात घेतला नाही, पण आषाढात मरीआईच्या गाड्यापुढं हलगी वाजवण्याचा मान आमच्या घराचा, तो त्यांनी चालवला. एरवी मोलमजुरी, आणि दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोड. मुकादमाकडून उचल घ्यायची, बैलगाडीवर संसार बांधायचा, फडाच्या कडेला कोपीत राहायचं आणि उन्हाळा लागला की परतायचं. त्या उचलीतूनच माझी पुस्तकं आली, पुढं संभाजीनगरातल्या खोलीचं भाडं आणि अभ्यासिकेची फी गेली. पोरगा साहेब व्हावा एवढी एकच इच्छा वडिलांनी मनाशी धरलेली. "तहशिलीच्या पायऱ्या म्या लई चढलो," ते म्हणायचे, "तू आतून बाहेर ये."

ख्रिस्ताची ओळख संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात झाली. आजीला तिथं ठेवलं होतं. खाटेवर पडून पडून तिच्या पाठीला जखमा झालेल्या. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटजवळ एक निवृत्त नर्सबाई बसायच्या. आजीची कूस बदलताना मी चाचरतोय हे पाहून त्या उठल्या, बाह्या वर केल्या, कोमट पाणी मागवलं आणि जखमा पुसायला बसल्या. आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी परत आल्या. आजी गेली त्या आठवड्यात त्यांनी माझ्या हातात मार्कच्या शुभवर्तमानाची पातळशी पुस्तिका दिली आणि म्हणाल्या, "वाचायचं तर वाच, नाहीतर कोणाला तरी दे."

पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येऊन गुडघे टेकतो. येशू आधी हात पुढं करून त्याला स्पर्श करतो, मग तो बरा होतो. हा क्रम मी पुनःपुन्हा वाचला. आधी बरं करून मग हात लावला असता तर मी ते पुस्तक मिटलं असतं. आमच्या आजोबांना गावात भाकरी वरून टाकायचे, ओंजळीत पाणी उंचावरून ओतायचे. त्यांच्या नातवाला तो आधीचा हात दिसला. ओढ कशी लागली याचं याहून नीट कारण मला आजही देता येत नाही, आणि द्यायची गरजही वाटत नाही.

मग वर्ग सुरू झाले. दर शनिवारी संध्याकाळी, चर्चच्या मागच्या खोलीत. आम्ही मोजकेच होतो. एक रिक्षावाले काका, नवऱ्याच्या दारूला कंटाळलेली एक ताई, माझ्यासारखे एकदोन विद्यार्थी. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, विश्वासाची कबुली हे सगळं शिकवलं, पण ज्यावर आम्ही महिनोन्‌महिने घालवले तो लूकचा चौदावा अध्याय. येशूच्या मागं लोकांचे थवेच्या थवे चाललेत. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. तो मात्र वळतो आणि म्हणतो, बुरूज बांधायचा असेल तर आधी खाली बसून खर्चाचा हिशेब करा, नाहीतर पाया घालून काम अडेल आणि येणारे-जाणारे हसतील. दहा हजारांनिशी वीस हजारांना भिडणाऱ्या राजानंही आधी बसून विचार करावा. त्याच बोलण्यात आईबाप, बायकापोरं, स्वतःचा जीव यांचा द्वेष न करणाऱ्याला माझा शिष्य होता येणार नाही, असंही तो सांगतो.

त्या वाक्यावर ताई रडल्या. पाळकसाहेबांनी तेच बोलणं मत्तयाच्या दहाव्या अध्यायात कसं येतं ते काढून दाखवलं: जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. प्रीती कमी करायला सांगितलेलं नाही, पहिली जागा कोणाची ते विचारलंय, असं त्यांनी समजावलं. आणि मग वर्गाबाहेर ताईंना त्यांनी स्पष्ट सांगितलं की तुम्ही थांबा. नवरा घराबाहेर काढेल आणि लेकरं त्याच्याकडं राहतील, तेव्हा आम्ही मंडळी म्हणून तुमचं काय करू शकू ते आधी आम्हाला ठरवू द्या. पुढं मंडळीतल्या बायकांनी ताईंना एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम मिळवून दिलं, त्यानंतरच बाप्तिस्म्याची तारीख निघाली. येशूचं नाव घेऊन माणसाला घाईनं उघड्यावर आणणारे लोक मी नंतर पाहिले. त्यामुळं या सावकाश चाललेल्या वर्गाचं मोल मला जास्त कळतं.

माझ्याबाबतीत त्यांनी अट घातली ती एकच. घरी सांगितल्याशिवाय पाण्यात उतरवणार नाही. एकदा ते मला म्हणाले, "कवी नारायण वामन टिळकांनी अठराशे पंच्याण्णव साली बाप्तिस्मा घेतला, ती कथा सगळे सांगतात. त्या दिवशी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कुठं होत्या हे कोणी विचारत नाही." लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या, नवरा जिवंत असून दुरावलेल्या, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडलं. टिळकांना आम्ही मराठी ख्रिस्ती लोक डोक्यावर घेतो, त्यांची भजनं दर रविवारी म्हणतो. पण मधल्या त्या वर्षांची किंमत त्या बाईनं मोजली, हे मला त्या खोलीत बसून पहिल्यांदा उमगलं.

घरी सांगितलं ते उन्हाळ्यात, आई-वडील फडावरून परतल्यावर. आई चुलीपुढं होती. ती एवढंच म्हणाली, "तुहा देव तुह्यापाशी, माहा माह्यापाशी. पर जेवायला येत जाय." वडील काही बोलले नाहीत. उठून बाहेर गेले, ओट्यावर बसले, तंबाखू मळत राहिले. खूप वेळानं आत येऊन म्हणाले, "आषाढात हलगी कोण धरन?"

मी नाही म्हणालो. त्या नकाराचं वजन गावाबाहेरच्या माणसाला कळणार नाही. तो मान म्हणजे काही पैसा नव्हता, धान्यही फारसं नव्हतं. पण वर्षभर ज्या गावानं आम्हाला मागं उभं केलं त्या गावाच्या पुढं, गाड्याच्याही पुढं, त्या एका दिवशी माझा बाप चालायचा. तो मान थोरल्या पोरानं घ्यायचा असतो. मी तो सोडला आणि वडिलांनी त्याच वर्षी तो चुलतभावाकडं दिला. त्या पावसाळ्यात वस्तीत उलट्या-जुलाबांची साथ आली. बोअरच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळत होतं, ते ग्रामपंचायतीनं नंतर दुरुस्तही केलं. पण भावकीत बोललं गेलं ते हेच, की ह्यानं मरीआईचा मान मोडला. चुलतभावाचं लेकरू दवाखान्यात होतं तेव्हा मी डबा घेऊन गेलो, तर वहिनीनं दार लोटून घेतलं. तिचं लेकरू आजारी होतं आणि ती घाबरलेली होती. मामानं त्याच्या मुलीशी माझं लग्न जवळजवळ ठरवलं होतं, तेही मोडलं.

आता कागदाची गोष्ट. ख्रिस्ती माणसाची किंमत म्हटलं की लोकांना छळ, मारहाण, वाळीत टाकणं आठवतं. आमच्यासारख्यांची मोठी किंमत एका कागदावर असते आणि तिच्याबद्दल चर्चमध्ये दबक्या आवाजातही फारसं कोणी बोलत नाही.

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "हिंदू-मांग" आहे. त्यावरून प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयातून अनुसूचित जातीचा दाखला निघाला. त्या दाखल्यावर माझं शिक्षण झालं, शिष्यवृत्ती मिळाली. आरक्षित जागेवर नोकरी लागायची तर पुढं जिल्हा जात पडताळणी समितीकडून वैधता लागते, शपथपत्र द्यावं लागतं. आणि १० ऑगस्ट १९५० रोजी निघालेला राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश तिसऱ्या परिच्छेदात सांगतो की हिंदूखेरीज वेगळा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. सर्वोच्च न्यायालयात २००४ सालची याचिका आहे. दरवर्षी दहा ऑगस्टला आमच्यातले लोक काळा दिवस पाळतात.

हा कायदा अन्यायाचा आहे असं मी मानतो आणि ते कुठंही सांगायला तयार आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं माझ्या वस्तीचं ठिकाण बदललं नाही. ती ओढ्याच्या अलीकडंच राहिली. पाटलाच्या ओट्यावर माझ्यासाठी वेगळी खुर्ची कोणी मांडली नाही. जात चिकटून राहते आणि तिच्यावरचा उतारा तेवढा काढून घेतला जातो.

वर्ग चालू असताना मी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा अनुसूचित जातीतून उत्तीर्ण झालो होतो. तेव्हा मी अजून बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. पुढचा ईस्टर हा बाप्तिस्म्याचा दिवस ठरत होता. खोलीतल्या मित्रांनी मला घेरलं. मुख्य परीक्षा दे, मुलाखत दे, वैधता काढ, नोकरीवर हजर हो, मग काय घ्यायचा तो बाप्तिस्मा घे. किंवा गुपचूप घे, नोंद कशाला करायची? आमच्याच भागात अशी कितीतरी घरं आहेत. रविवारी प्रार्थनेला येतात, मुलांची नावं शास्त्रातली ठेवतात, आणि कागदावर हिंदू-मांग किंवा हिंदू-महार राहतात. त्यांना खोटारडं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. अन्यायाच्या कायद्यापुढं पोट भरणाऱ्या माणसानं काय करावं हे मी बाहेरून सांगणार नाही. पाळकसाहेबही सांगत नाहीत. ते मला म्हणाले, "थांबायचं तर थांब. बाप्तिस्मा कुठं पळून जात नाही. मंडळी तुला कमी लेखणार नाही. पण काय करतोयस ते स्वतःपासून लपवून करू नकोस."

त्याच दिवसांत बाहेरगावचा एक प्रचारक आमच्याकडं आला. त्यानं मार्कच्या दहाव्या अध्यायातल्या बार्तीमयावर संदेश दिला. वाटेवर भीक मागणारा आंधळा येशूनं बोलावताच अंगावरचा झगा टाकून उठतो. प्रचारक म्हणाला, आरक्षणाचा दाखला हा तुमचा झगा आहे, टाकून द्या. उपासना संपल्यावर मी त्याला गाठलं. म्हटलं, झगा भिकेचा होता. आरक्षण भीक नाही. ते बाबासाहेबांनी घटनेत लिहून मिळवलेला हक्क आहे, माझ्या आजोबांच्या पाठीवरच्या वळांचा हिशेब आहे. मी तो सोडला तर हक्क सोडला असं म्हणेन, घाण टाकली असं म्हणणार नाही. तो गप्प राहिला. बाप्तिस्म्याच्या उमेदवारानं पाहुण्या सेवकाशी असं बोलणं काहींना आवडलं नाही. मला मात्र तेव्हा स्वतःचं मन नीट दिसलं. कवडीमोल वस्तू टाकून देण्यात शिष्यपण कसलं? माझ्यापुढं खरोखर मोलाची, न्यायानं माझी असलेली गोष्ट होती आणि ती ठेवायची तर मी कोणाचा आहे हे शपथेवर लपवावं लागणार होतं. येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र यालाही अंगणात फक्त "मी त्याला ओळखत नाही" एवढंच म्हणायचं होतं.

मी मुख्य परीक्षेला बसलो नाही. ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. पुढच्या परीक्षेचा अर्ज खुल्या प्रवर्गातून भरला. निकाल आला तेव्हा माझे गुण अनुसूचित जातीच्या कट-ऑफच्या वर होते, खुल्याच्या खाली. यादी मोबाइलवर पाहत मी अभ्यासिकेच्या जिन्यात बसलो होतो. माझ्या खोलीतला एक मित्र बौद्ध, त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. त्याचं नाव त्या यादीत होतं. तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि पेढे वाटायला गेला नाही. "आमचं नव्वद साली आलं," तो म्हणाला, "तुमचंही येईल." मला ज्यांनी वेडा म्हटलं नाही अशा दोनतीन माणसांत तो एक. बाप्तिस्म्याच्या दिवशीही तो आला होता, माझे कोरडे कपडे हातात धरून उभा राहिला होता.

त्या दिवशी आईही आली होती. डोक्यावरून पदर घेऊन शेवटच्या बाकावर बसली, गीत चालू असताना ओठ हलवत होती, शब्द येत नव्हते तरी. ती ख्रिस्ती झाली नाही, आजही मरीआईला जाते. मंडळीतल्या बायका तिला नणंद-भावजयीसारखं वागवतात आणि तिच्यावर कोणी पुस्तक उघडत नाही, याचं मला फार बरं वाटतं.

वडील आले नाहीत. निकालाचं मी स्वतः सांगायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्या उचल घेऊन घेऊन तुला शिकवलं." एवढंच. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यानंतर ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी समोर बसलेलो असतो आणि ते आईला म्हणतात, त्याला सांग, पत्रा गळतोय. त्याला विचार, मोटारसायकल आणली का. मी पत्रा बसवून देतो, औषधं आणून देतो, तेही माझ्या हातचं पाणी घेतात. साठीकडं झुकलेला माणूस अजून कोयता घेऊन फडावर जातो, कारण माझ्या पगारातून उचल फेडायला त्यांचा नकार आहे. मी जालन्यात एका बियाणे कंपनीत क्षेत्र पर्यवेक्षक आहे. काम चांगलं आहे, शेतकऱ्यांत फिरायला मिळतं. पण ज्या तहशिलीत मी आतून बाहेर यायचा होतो, तिथं अजून बाहेरून आत जातो.

मार्कच्या त्याच दहाव्या अध्यायात पेत्र येशूला म्हणतो, आम्ही सगळं सोडून तुमच्या मागं आलो. येशू सांगतो, माझ्यासाठी ज्यानं घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं, शेतं सोडली त्याला या काळातच शंभरपट मिळेल: घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि त्याबरोबर छळही. मी या दोन याद्या शेजारी शेजारी वाचल्या. सोडण्याच्या यादीत बाप आहे. मिळण्याच्या यादीत नाही. काहीजण सांगतात की स्वर्गातला पिता तोच एक बाप, म्हणून ती जागा रिकामी ठेवली. असेल. मला त्या रिकाम्या जागेत प्रभूचा खरेपणा दिसतो. जे भरून येणार नाही ते भरून येईल असं तो म्हणाला नाही.

बाकीची यादी मात्र त्यानं पुरी केली, हेही मला तितक्याच मोकळेपणानं सांगायचं आहे. आया मिळाल्या. घाटीतल्या त्या नर्सबाईंच्या घरी मी परीक्षेच्या काळात जेवलो. भाऊ मिळाले. नोकरी नव्हती तेव्हा रिक्षावाल्या काकांनी खोलीचं भाडं भरलं, आणि ते काका तर स्वतः बाप्तिस्म्यापर्यंत पोचलेच नव्हते, घरच्या विरोधामुळं वर्ग सोडून गेले होते. तरी दर महिन्याला येऊन पाकीट देऊन जायचे.

आणि छळ म्हणजे काही दर वेळी बाहेरच्यांकडूनच होतो असं नाही. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा चर्चमधल्या स्थळांकडून पहिला प्रश्न आला, "मूळचे कोण?" आपल्या मराठी मंडळ्यांत हे चालतं आणि ते आपण कबूल केलं पाहिजे. जालन्याजवळ बेथेल आहे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी, एका देशस्थ ब्राह्मणानं, ते गाव ख्रिस्ती झालेल्या मांग-महारांना बरोबर घेऊन वसवलं. इतक्या वर्षांनी त्याच जिल्ह्यात प्रभुभोजनाच्या एका मेजावर येणारी माणसं सोयरीक जुळवताना महाराकडची आणि मांगाकडची वेगळी होतात. सरकार म्हणतं तू आता मांग नाहीस, आणि मंडळी म्हणते तू मांगच. माझी बायको नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती घरातली, ते घर पूर्वाश्रमीचं महार. तिच्या काकांनी लग्नाला यायचं नाकारलं. तिनं त्यांना चिठ्ठी लिहिली ती मी वाचलेली नाही, तिनं वाचू दिली नाही. पण काका हळदीच्या दिवशी हजर झाले.

हलगीही परत आली. नाताळच्या फेरीला पोरं ढोलकी-झांजा घेऊन निघतात, तिथं मी पहिल्यांदा हलगी नेली. पाचट पेटवून तिच्यावर कातडं शेकायचं, फार जवळ नेलं तर करपतं, लांब धरलं तर सैल राहतं. बोटानं टिचकी मारत राहायचं, आवाज कणखर झाला की बाजूला घ्यायची, आणि मग डाव्या हातात बारीक काडी, उजव्यात टिपरू. हे सगळं मला वडिलांनी शिकवलेलं. एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली, हे मूर्तीपुढचं वाद्य आहे. कमिटीत बराच वाद झाला. पाळकसाहेबांनी स्तोत्रसंहितेतलं दीडशेवं स्तोत्र वाचलं, डफ, झांजा, सगळ्यांनी त्याची स्तुती करा. मी मरीआईपुढचा मान सोडला होता, बापाच्या हातातली कला सोडायला मला प्रभूनं कधीच सांगितलं नव्हतं. आता दर नाताळात ती वाजते.

यंदा मुलीचा शाळाप्रवेश होता. अर्जावर धर्म आणि जात असे दोन रकाने. मुख्याध्यापिकांनी काळजीनंच सुचवलं, वडिलांच्या दाखल्याप्रमाणं हिंदू-मांग लिहा, पुढं उपयोगी पडेल. आम्ही अर्ज घरी आणला. शेतीचीही बाजू होती. धर्म बदलला म्हणून माझा वडिलांच्या जमिनीतला वारसाहक्क जात नाही, ते १८५० च्या कायद्यापासून स्पष्ट आहे. पण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणं धर्मांतरानंतर जन्मलेलं मूल हिंदू नातेवाइकांचा वारस होत नाही. म्हणजे आजोबांच्या एकरभर कोरडवाहूवर तिचा थेट हक्क नाही, दाखलाही नाही. बायको म्हणाली, "तू तुझा हिशेब केलास. हिचा हिशेब तिच्या वतीनं कोण करणार?" आम्ही उशिरापर्यंत बोललो. तिचं म्हणणं होतं की जे आहोत ते लिहायचं आणि पोरीला कळत्या वयात सगळं सांगायचं, त्यानंतर तिनं आमच्यावर रागावायचं तर रागवावं, तो तिचा अधिकार. मला याहून चांगला मार्ग सुचला नाही. धर्माच्या रकान्यात ख्रिस्ती लिहिलं. जातीच्या रकान्यात बायकोनं आडवी रेघ मारली. आणि त्याच आठवड्यात काळ्या दिवसाच्या निवेदनावर आम्ही दोघांनी सह्या केल्या.

आता शनिवारच्या वर्गात मी पाळकसाहेबांना मदत करतो. सध्या बीडकडचा एक मुलगा येतो. माझ्याच समाजाचा, स्पर्धा परीक्षा करणारा, पूर्वपरीक्षा निघालेली. पहिल्या दिवशी त्यानं मला विचारलं, "तुम्ही कागदाचं काय केलं?" मी त्याला जे घडलं ते सांगितलं, वर लिहिलंय तेवढंच, कमी नाही आणि जास्त नाही. काय कर हे सांगितलं नाही. त्याचे वडीलही ऊसतोड करतात, चैत्रात घरी येतात. चैत्रात मी त्याच्याबरोबर त्याच्या गावी जाणार आहे. त्यांच्याशी आधी बोलायचं, मग तारीख.